वेळ मशीनमध्ये आहे, लॅपटॉपवर येत नाही

चौथी हीट संपलेली असते. कन्सोलच्या पडद्यावर आठही लेनच्या वेळा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत स्पष्ट दिसत असतात, पण निकालाच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये रकाने कोरे. पाचव्या हीटची मुलं ब्लॉकमागे येऊन उभी राहतात. निवेदक माइकवरून ‘निकाल थोड्याच वेळात’ म्हणतो, पालक कठड्यावरून वाकून पाहू लागतात आणि टेबलाभोवती पाच-सहा जाणकार जमतात. एक जण केबल उपटून पुन्हा खोचतो, दुसरा लॅपटॉप रीस्टार्ट करायला सांगतो आणि तिसऱ्याचा हात कन्सोलच्या रीसेट बटणाकडे जातो.

तो तिसरा हात आधी धरायचा.

जलतरण स्पर्धेत वेळ मोजतो तो कन्सोल. स्टार्टरचा भोंगा वाजला की त्याच्या आतलं घड्याळ धावू लागतं आणि पोहणाऱ्याचा हात टचपॅडवर पडताच त्या लेनची वेळ तिथल्या तिथे नोंदली जाते. या व्यवहारात लॅपटॉप कुठेच नसतो. त्याचं काम नंतरचं: वेळेसमोर नाव लावायचं, क्रम ठरवायचा, निकालपत्रक छापायचं. दोघांमधली तार तुटली तर निकाल अडतो, वेळ हरवत नाही. आकडे पोहोचायला दोन सेकंद जास्त लागले तरी त्यांच्यात फरक पडत नाही, कारण मोजणी केव्हाच संपलेली असते. आजचे बहुतेक कन्सोल झालेल्या शर्यती आपल्या मेमरीत ठेवतात आणि त्यांना प्रिंटरही जोडता येतो. म्हणून पहिलं काम वेळा कागदावर उतरवण्याचं. प्रिंट काढावी, प्रिंटर नसेल तर पडद्याचा फोटो घ्यावा आणि त्या हीटच्या वेळा हाताने भरून टाकाव्यात. आठ लेनला दोन मिनिटंही पुरतात. मग पुढची हीट सोडावी आणि त्यानंतरच केबलकडे वळावं.

हाताने भरताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करता करता आकडा मोठ्याने परत म्हणायचा. हा अतिरेक वाटत असेल त्यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतली ५० मीटर फ्रीस्टाइल आठवावी. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची वेळ २२.४७ सेकंद होती आणि कांस्यपदक मिळवणाऱ्या जपानी जलतरणपटूची २२.४६. यंत्राच्या आकड्याला इतकं महत्त्व आलं ते वाद झाल्यानंतरच. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलला अमेरिकेच्या लान्स लार्सनच्या लेनवरच्या तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१ आणि ५५.१ सेकंद दाखवले, ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेविटच्या तिन्ही घड्याळांनी ५५.२. सुवर्णपदक मात्र पंचांच्या नजरेवर विसंबून डेविटला दिलं गेलं. १९६७ साली विनिपेगच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत टचपॅड आले आणि पुढच्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्येही ते दिसले. पॅडवरून आलेला आकडा टायपिंगच्या घाईत बिघडवणं म्हणजे पुन्हा रोमला जाणं.

आता केबल. दुरुस्तीला बसण्याआधी तक्रार नेमकी काय आहे ते ठरवावं, कारण ‘कनेक्शन होत नाही’ या एकाच वाक्याखाली निरनिराळे आजार असतात. लॅपटॉपवर काहीच येत नाही, हा एक. काहीतरी येतं पण अगम्य चिन्हांचं, हा दुसरा. येता येता मध्येच थांबतं, हा तिसरा. आणि सगळं व्यवस्थित येतं पण भलत्याच्या नावासमोर बसतं, हा चौथा. तो सर्वांत घातक, कारण तो लक्षातच येत नाही. प्रत्येकाचं मूळ वेगळ्या जागी असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मात्र चौघांना लागू. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदललं आणि गाडी सुरू झाली, तर नेमकं कशाने सुरू झाली हे कळत नाही आणि दुपारच्या सत्रात तोच खेळ पुन्हा मांडावा लागतो.

अनेक कन्सोल लॅपटॉपशी अजूनही आरएस-२३२ या सीरियल पद्धतीने बोलतात. हे मानक अमेरिकेत १९६० साली टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्यासाठी ठरलं. साठ वर्षांपूर्वीचं तंत्र अजून कशाला, असं तरुण स्वयंसेवक विचारतात. उत्तर त्याच्या साधेपणात आहे: एक तार पाठवण्याची, एक घेण्याची, एक जमिनीची. नऊ पिनांच्या जोडणीत त्या अनुक्रमे तीन, दोन आणि पाच क्रमांकाच्या पिनांवर असतात (लॅपटॉपच्या बाजूने पाहिलं तर). वेगाचीही अडचण नाही. ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. एका लेनची ओळ तीस अक्षरांची धरली तरी आठ लेनचा निकाल पाव सेकंदात पोहोचतो. त्यामुळे ‘स्पीड वाढवून बघू’ हा सल्ला कोणी दिला तर तो नम्रपणे नाकारावा. त्याने फायदा शून्य आणि दोन्ही बाजूंचे आकडे जुळेनासे होण्याचा धोका मोठा.

अडचण ही की लॅपटॉपवर आता सीरियल पोर्ट नसतो. मधे येतो यूएसबी-सीरियल अ‍ॅडाप्टर, आणि काहीच येत नसेल तर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत असे अ‍ॅडाप्टर स्वस्तात मिळतात. बाहेरून सगळे सारखे, आतली चिप मात्र वेगळी: प्रोलिफिकची, एफटीडीआयची, सीएच-३४० किंवा आणखी कुठली. या चिपांच्या नकला बाजारात इतक्या झाल्या की मूळ कंपन्यांनी ड्रायव्हरमधूनच त्यांच्याशी लढाई सुरू केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपचा ओळख-क्रमांक शून्य करू लागला. कालपर्यंत चालणारा अ‍ॅडाप्टर त्यानंतर दुसऱ्या संगणकावरही ओळखला जाईना. बराच गदारोळ झाल्यावर कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. प्रोलिफिकचा मार्ग निराळा. त्यांचे नवे ड्रायव्हर नकली आणि जुन्या चिपना कामच देत नाहीत. विंडोज ११ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये अशा अ‍ॅडाप्टरसमोर ‘पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाची ओळ झळकते. आधीच्या विंडोजवर पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसतो. म्हणजे क्लबने नवा लॅपटॉप घेतला, अ‍ॅडाप्टर जुनाच ठेवला आणि सगळं ठप्प झालं, तर कन्सोल निर्दोष असू शकतो. जुना ड्रायव्हर हाताने निवडून काम भागतंही. पण पुढचं अपडेट ते कधी उलटवेल याचा भरवसा नसतो. हजारो रुपयांचे टचपॅड घेणाऱ्या क्लबने अ‍ॅडाप्टरवर काटकसर करू नये. अस्सल चिपचे, एकसारखे दोन घ्यावेत, एक वापरात आणि एक पेटीत.

अ‍ॅडाप्टर ओळखला गेला तरी प्रश्न उरतो तो कॉम पोर्टच्या क्रमांकाचा. अनेक अ‍ॅडाप्टर डाव्या यूएसबी खाचेत लावले तर कॉम ३ होतात, उजव्या खाचेत लावले तर कॉम ७. स्पर्धेचा प्रोग्रॅम आपला कॉम ३ वर कान लावून बसलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या यादीखाली आजचा क्रमांक दिसतो. तो प्रोग्रॅममधल्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि ज्या खाचेत अ‍ॅडाप्टर लावायचा तिच्यावर रंगीत टेपचा तुकडा चिकटवावा. काही जुने प्रोग्रॅम दोन अंकी क्रमांक स्वीकारत नाहीत. लॅपटॉपने कॉम १४ दिला असेल तर पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन तो कॉम ४ सारखा लहान करता येतो. ‘वापरात आहे’ असा इशारा आला तर तो बहुधा कधीकाळी लावलेल्या दुसऱ्या अ‍ॅडाप्टरचा असतो. लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली की ही जुनी भुतं फिकट रंगात दिसतात आणि काढून टाकता येतात. याच पानावर बॉड रेटही दिसतो. तो बदलण्यात सहसा अर्थ नसतो, कारण प्रोग्रॅम पोर्ट उघडताना स्वतःचा आकडा लावतो.

आणखी एक फसगत नेहमीची. सीरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. कोणीतरी तपासणीसाठी टर्मिनल उघडतो, समाधान झाल्यावर खिडकी खाली करून ठेवतो आणि मग स्पर्धेच्या प्रोग्रॅमला ‘पोर्ट उपलब्ध नाही’ असा निरोप येतो. अर्धवट बंद पडलेली त्याच प्रोग्रॅमची आधीची प्रतही पोर्ट धरून बसते. टास्क मॅनेजरमध्ये तिचा शोध घ्यावा.

इतकं करूनही शांतताच असेल तर लॅपटॉपची बाजू आणि कन्सोलची बाजू वेगळी करून तपासावी. यासाठी लागणारं साधन म्हणजे एक पेपरक्लिप. अ‍ॅडाप्टरमधून केबल काढावी आणि त्याची दोन आणि तीन क्रमांकाची पिन क्लिपने एकमेकींना जोडावी. पुट्टी किंवा टेरा टर्म यांपैकी एखादा मोफत टर्मिनल प्रोग्रॅम त्या कॉम पोर्टवर उघडावा, फ्लो कंट्रोल बंद ठेवावा आणि काहीही टाइप करावं. पाठवलेलं अक्षर क्लिपमधून परत येऊन पडद्यावर उमटलं तर पोर्ट, ड्रायव्हर आणि अ‍ॅडाप्टर तिघेही ठीक आहेत. क्लिप काढल्यावर अक्षरं उमटणं थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर टर्मिनल स्वतःच ती दाखवत होतं आणि परीक्षा रद्द. दोन मिनिटांच्या या चाचणीने अर्धा तास चालणारी वादावादी मिटते.

लॅपटॉप निर्दोष ठरला की केबल. दिसायला एकसारख्या दोन केबलींपैकी एक सरळ असते आणि एक उलटी: सरळीत दोन नंबरची पिन पलीकडे दोनलाच जाते, उलटीत तीनला. कुठली कुठे लागेल याचा अंदाज करत बसण्यापेक्षा मल्टिमीटरला विचारावं. सीरियल पोर्ट गप्प असतो तेव्हा त्याच्या पाठवणाऱ्या पिनवर जमिनीच्या, म्हणजे पाच नंबरच्या पिनेच्या तुलनेत उणे पाच ते उणे बारा व्होल्ट मिळतात. अ‍ॅडाप्टरवर हा उणे आकडा तीन नंबरला मिळेल. कन्सोलच्या नऊ पिनांच्या पोर्टवरही तो तीनलाच मिळाला तर दोघेही एकाच तारेवर बोलताहेत, उलटी केबल हवी. दोनला मिळाला तर सरळ. कुठल्याच पिनवर काही मिळालं नाही तर कन्सोलचा पोर्ट मेला आहे किंवा तो सीरियलचा पोर्टच नाही. स्कोअरबोर्डच्या खाचेत निकालाची केबल खोचलेली असणं हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. गोल पिनांची किंवा जॅकची खास केबल असेल तर मात्र प्रयोग करू नयेत, कंपनीचीच वापरावी.

अगम्य चिन्हं येत असतील तर खरं म्हणजे हायसं वाटायला हवं. तार जोडलेली आहे, क्रमांक बरोबर आहे, वीज वाहते आहे, फक्त दोन्ही बाजूंचे नियम जुळत नाहीत. सगळंच गिचमिड असेल तर बॉड रेट चुकला. काही अंक बरोबर आणि काही विचित्र असतील तर पॅरिटीकडे बोट दाखवावं. इथे एक गमतीची खूण सांगण्याजोगी आहे. ०, ३, ५, ६, ९ हे अंक नीट येतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं येतात, असं दिसलं तर कन्सोल सात बिट आणि सम पॅरिटी पाठवतो आहे आणि लॅपटॉप ते आठ बिट, पॅरिटीविना असं वाचतो आहे. कारण पहिल्या पाच अंकांच्या द्विमान रूपात एकांची संख्या सम असते, त्यामुळे पॅरिटीचा बिट शून्य राहतो आणि अंकाला धक्का लागत नाही. उरलेल्या पाचांत ती विषम असते, बिट एक होतो आणि अंक दुसऱ्याच चिन्हाचं रूप घेतो. बरोबर आकडा कन्सोलच्या पुस्तिकेतच सापडेल. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

चुकीच्या सेटिंगशिवायही कचरा येतो, तो केबलच्या लांबीमुळे आणि अर्थिंगमुळे. आरएस-२३२ च्या जुन्या मानकात केबलची शिफारस केलेली कमाल लांबी ५० फूट, म्हणजे १५ मीटर होती. चांगल्या केबलवर, कमी वेगाला त्याहून जास्त अंतरही चालून जातं, पण ५० मीटरच्या तलावाच्या एका टोकाला कन्सोल आणि निकालाची खोली दुसऱ्या टोकाच्या गॅलरीखाली, मधे तीन जोड दिलेली वायर, अशा मांडणीला अपयश ठरलेलंच. यूएसबीची तार वाढवणं तर आणखी वाईट. तिची मर्यादा पाच मीटरच. सोपा मार्ग असा की लॅपटॉप कन्सोलच्या शेजारी ठेवावा आणि तिथून निकालाच्या खोलीपर्यंत लॅन केबल न्यावी. ती १०० मीटरपर्यंत विनातक्रार काम करते.

अर्थिंगचा दोष ओळखायची युक्ती फुकट आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. कचरा थांबला तर कन्सोल एका सॉकेटवर आणि लॅपटॉप दुसऱ्या सॉकेटवर आहे आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक आहे, असं समजावं. मंडपाची वायरिंग, जनरेटर, ध्वनिव्यवस्था यांच्या संगतीत हे सर्रास घडतं. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावरून चालवावीत किंवा मधे ऑप्टिकल आयसोलेटर बसवावा. एरवीही ओल्या फरशीवर २३० व्होल्टचा एक्स्टेंशन बोर्ड हा टायमिंगच्या बिघाडापेक्षा मोठा विषय आहे: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय तलावाच्या काठावर कुठलंही यंत्र मेन्सवर चालवू नये. त्यासाठी स्पर्धा अर्धा तास उशिरा सुरू झाली तरी चालेल.

मधूनच तुटणारं कनेक्शन माणसाला सर्वांत जास्त छळतं. सकाळी सुरळीत, जेवणाच्या सुट्टीनंतर बंद, असा नमुना दिसला तर विंडोजची वीजबचत तपासावी. काही वेळ हालचाल नसली की ती यूएसबी खाचेची वीज तोडते, आणि नंतर प्रोग्रॅमला पोर्ट सापडत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढावी, स्लीप बंद करावं आणि स्पर्धेच्या दिवसांपुरती विंडोजची अपडेट्स थांबवून ठेवावीत. यूएसबी हब मधे असेल तर काढून टाकावा.

आणि कधी कधी लॅपटॉपवर खरंच भुताटकी होते. केबल लावून लॅपटॉप सुरू केला की माउसचा बाण पडद्यावर सैरावैरा धावतो, आपोआप क्लिक होतात, फाइली उघडतात. हा व्हायरस नव्हे. विंडोज सुरू होताना सीरियल पोर्टवर कोणी काही पाठवत असेल तर विंडोज त्याला जुन्या काळचा सीरियल माउस समजून बसतं, आणि सतत धावती वेळ पाठवणारा कन्सोल या गैरसमजाला अगदी योग्य उमेदवार असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ नावाचा पाहुणा दिसेल. तो डिसेबल करावा, काढून टाकला तर पुढच्या वेळी पुन्हा येतो. नाहीतर लॅपटॉप पूर्ण सुरू झाल्यावरच केबल लावायची सवय ठेवावी.

आता चौथा आजार. वेळा आल्या, स्वच्छ आल्या, पण चुकीच्या जागी. यंत्रं बरोबर असूनही निकाल चुकीचा दिसू शकतो याचं जगप्रसिद्ध उदाहरण १९७६ चं मॉन्ट्रियल. नादिया कोमानेचीला पूर्ण दहा गुण मिळाले आणि फलकावर १.०० झळकलं, कारण त्या फलकाला १०.०० दाखवण्याइतके अंकच दिलेले नव्हते. गुण देणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. पाठवणारा आणि दाखवणारा यांच्यात आकड्याच्या रचनेबद्दल करार नव्हता. तलावावर हा करार लेनच्या क्रमांकांपासून सुरू होतो. दहा लेनच्या आंतरराष्ट्रीय तलावात लेन ० ते ९ मोजतात. कन्सोल ० ते ९ आणि प्रोग्रॅम १ ते १० धरून चालला तर प्रत्येक वेळ शेजारच्याच्या नावावर जाते. सुरुवातीच्या टोकाकडून पाण्याकडे तोंड केलं की एक नंबरची लेन उजव्या हाताला असते; टचपॅडच्या तारांचा गुच्छ उलट बाजूने लावला तर पहिली वेळ आठव्याला. २०० मीटरच्या शर्यतीत टचपॅड एकाच टोकाला असतील तर टप्प्याच्या वेळा दर १०० मीटरला येणार. प्रोग्रॅम दर ५० मीटरची वाट पाहत असेल तर अंतिम वेळ मधल्याच रकान्यात जाऊन बसते आणि निकाल अपूर्ण दिसतो. आणि सर्वांत साधी चूक: कन्सोलवर इव्हेंट १२ हीट ३, लॅपटॉपवर इव्हेंट १२ हीट ४. कोणी गैरहजर राहिल्याने हीट रद्द झाली किंवा दोन हीट एकत्र केल्या की हा घोटाळा हमखास होतो. प्रत्येक शर्यतीपूर्वी कन्सोलवाल्याने आकडा पुकारावा आणि लॅपटॉपवाल्याने तो परत म्हणावा.

याला आगाऊ पकडायचं तर आदल्या संध्याकाळी रिकाम्या तलावावर एक खोटी शर्यत लावावी. भोंगा वाजवावा आणि कोणीतरी काठाने चालत एक नंबरपासून क्रमाने प्रत्येक पॅड दाबत जावं, दोन दोन सेकंदांच्या अंतराने. लॅपटॉपवर वेळा लेनच्या क्रमाने वाढत जायला हव्यात. एखादी लेन अदलाबदल झालेली असेल तर आकडे लगेच चुगली करतात. सगळे पॅड एकदम दाबून ‘आला रे आला’ म्हणणाऱ्या चाचणीतून हे कधीच कळत नाही. त्याच वेळी हातातली बटणंही तपासावीत, कारण पॅड दाबलाच गेला नाही तर वेळ तिथून घ्यावी लागते.

मैदानी स्पर्धांत चित्र थोडं वेगळं. फोटोफिनिशचा कॅमेरा, उदाहरणार्थ फिनिशलिंक्सचा, लॅपटॉपशी लॅन केबलने बोलतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेचं ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. असे फरक या कॅमेऱ्याच्या चित्रावरच वाचले जातात. इथे कॉम पोर्टची कटकट नाही, पण आयपी पत्त्याची आहे. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कोणीच पत्ता दिलेला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला आहे. कॅमेरा १९२.१६८.१ च्या घरात असेल तर लॅपटॉपलाही हाताने त्याच घरातला, पण वेगळ्या शेवटच्या आकड्याचा पत्ता द्यावा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मग पिंग करून पाहावं. पिंग जातं पण प्रोग्रॅमला कॅमेरा दिसत नाही, अशा वेळी विंडोजची फायरवॉल दाराशी उभी असते: नवं नेटवर्क ती ‘पब्लिक’ धरते आणि वाटा बंद करते. ते ‘प्रायव्हेट’ करावं आणि प्रोग्रॅमला परवानगी द्यावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेलं वाय-फाय काम होईपर्यंत बंदच ठेवलेलं बरं. निकालाच्या फाइलीचं नाव इव्हेंट, फेरी आणि हीट यांच्या क्रमांकांवरून बनतं. दुसरा संगणक त्याच नावाने फाइल शोधत असतो, तेव्हा इथेही क्रमांकांची तीच पुकारणी उपयोगी.

रस्त्यावरच्या शर्यतींत वेळ चिप वाचणाऱ्या रीडरमध्ये असते. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि आज आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतल्या दौडीतही छातीवरच्या क्रमांकामागे चिप असते. भारतात हे रीडर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. परदेशातून उसना आणलेला, अमेरिकी पट्ट्यावर लावलेला रीडर इथे वापरता येत नाही. अनेक रीडर एलएलआरपी नावाच्या पद्धतीने ५०८४ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात, म्हणून फायरवॉलमध्ये तो उघडा हवा. सगळ्यांच्या वेळा नेमक्या साडेपाच तासांनी मागे दिसल्या तर घाबरून रीडर बंद करू नये. तो जागतिक प्रमाणवेळ पाठवतो आहे, प्रोग्रॅममध्ये भारतीय वेळेचा फरक धरलेला नाही, इतकंच. अंतिम रेषेवर मोबाइल नेटवर्क कोलमडलं तरी वाचलेले क्रमांक रीडरमध्ये साठवायची सोय असते. ती आदल्या दिवशी चालू आहे ना, हे पाहून ठेवावं.

तलावाच्या काठी इंटरनेट मिळेलच असं नाही. त्यामुळे अ‍ॅडाप्टरचा ड्रायव्हर, प्रोग्रॅमची प्रत आणि कन्सोलची पुस्तिका पेनड्राइव्हवर असावी, आणि सगळं सुरळीत चालू असताना प्रत्येक सेटिंगच्या पानाचा फोटो फोनमध्ये. बिघाड झाल्यावर ‘पूर्वी इथे काय होतं’ हा प्रश्न त्या फोटोंनी सुटतो.

तरीही काही हाती लागलं नाही तर कंपनीच्या किंवा विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला फोन करावा, पण रिकाम्या हाताने नाही. ‘चालत नाही’ या माहितीवर तोही काही करू शकत नाही. कन्सोलचं मॉडेल आणि आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, अ‍ॅडाप्टरच्या चिपचं नाव, कॉम क्रमांक, बॉड आणि पॅरिटी लिहून ठेवावी. पुट्टीच्या लॉगिंग पानावर सगळं आउटपुट फाइलीत साठवण्याचा पर्याय निवडून एक खोटी शर्यत पाठवावी आणि ती फाइल, तिच्यात कचरा असला तरी, जशीच्या तशी ई-मेलला जोडावी. त्याच शर्यतीची कन्सोलवरची प्रिंटही फोटो काढून सोबत द्यावी. पाठवलेलं आणि पोहोचलेलं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की अनुभवी माणसाला बिघाड बहुतेक वेळा फोनवरच कळतो.